टोकाचं शेत

पाटकरी रावजींनी कालव्याच्या चारीचं दार उचललं, तशी तेस्फायेनं वहीत वेळ टिपली. पाणी-व्यवस्थापन शिकायला इथिओपियाहून आलेला हा विद्यार्थी आठवडाभर त्यांच्या मागंच होता. याला साहेबांनीच पाळतीवर ठेवलंय, अशी रावजींची खात्री होती.

चारीच्या टोकाच्या सोजरबाईच्या शेतात ठरल्या वेळेत पुरेसं पाणी पोचतच नसे, म्हणून ते तिला गुपचूप अर्धा तास जास्त देत. साहेबांना कळलं तर नोकरी जाणार. आज तेस्फायेनं तोही अर्धा तास टिपला, तेव्हा रावजींनी वहीच हिसकावली.

"काय लिहिलंस माझ्याबद्दल?"

"टोकाला अर्धा तास जादा, मग सगळ्यांना सारखं," तो मोडक्या मराठीत म्हणाला. "माझ्या आईचं शेतपण टोकाला. तिकडच्या पाटकऱ्याला हे दाखवणार."

रावजींनी वही परत दिली.

"दाखव. पण माझं नाव तेवढं खोड."