मुलीच्या मापाची मेणबत्ती

विमंडने गळ्यात अडकवलेलं मेणबत्तीचं वेटोळं काढलं आणि संताच्या समाधीच्या पायरीवर ठेवलं. आजारी माणसाला डोक्यापासून टाचेपर्यंत दोऱ्याने मोजायचं, त्याच दोऱ्याची वात करून ती मेणात बुडवायची आणि संताला वाहायची, अशी त्यांच्याकडची रीत. ही मेणबत्ती बोटाएवढी जाड होती, आणि लांबीला बरोबर त्याच्या मुलीएवढी, अ‍ॅव्हिसएवढी.

हेरेफर्डच्या कॅथेड्रलमध्ये त्या दुपारी नवसाला आलेल्यांची गर्दी होती. कुणी मेणाचा पाय घेऊन उभं होतं, कुणी कुबडी तिथेच ठेवून लंगडत घरी निघालं होतं. समाधी सांभाळणारे म्हातारे फादर ऑस्बर्न पुढे आले. वेटोळ्यावरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "लेकरू कसं आहे आता?"

विमंडच्या बायकोने, इडनीने, सांगितलं.

"गेली. आत्ता पुलावर दिराने गाठून सांगितलं. वेशीपर्यंत आलोच होतो, म्हणून मागे फिरलो नाही."

फादरांनी कपाळावर, छातीवर क्रूसाची खूण केली. "मग ही तिच्या आत्म्यासाठी लावू. बाप्तिस्मा झाला होता ना?"

"झाला होता."

"वय काय होतं?"

"सहा," विमंड म्हणाला.

"सात," इडनी म्हणाली.

फादर दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. सहा आणि सातमध्ये काय आहे ते तिथे उभ्या असलेल्या कुणालाही सांगावं लागलं नसतं. सातच्या आतलं लेकरू पाप जाणत नाही. ते थेट स्वर्गात जातं, त्याच्यासाठी कुणी प्रार्थनाही करावी लागत नाही. सात झालेल्याला मात्र आधी शुद्धीच्या आगीतून जावं लागतं; मागे राहिलेले जितकी प्रार्थना करतील तितकं ते लवकर सुटतं. समोरच्या कमानीवर ती आग रंगवलेली होती, आणि तिच्यात कमरेपर्यंत बुडालेली, हात वर केलेली माणसं.

"गवत कापून झाल्यावर जन्मली ती," विमंड म्हणाला. "यंदाचं गवत अजून उभं आहे. सहाच."

"कोकरं होत होती तेव्हा जन्मली. तू कुठे होतास घरी? मेंढ्या हाकत गेला होतास. परत आलास तेव्हा गवत कापलेलं होतं, आणि ती मान धरायला लागली होती."

विमंड हळू आवाजात म्हणाला, "सहा म्हण ना. तुझं काय जातं? चुलीतला निखारा लागला होता तिला, तर दिवसभर हात पाण्यातून काढत नव्हती. तिला त्या आगीत घालतेस?"

"मी घालत नाही." इडनीचा आवाज चढला नाही. "सहा म्हणून आपण घरी जाऊ. आणि ती तिथे असली तर? बाकीच्यांसाठी कुणी ना कुणी देवाकडे मागत असेल. ही बघत बसेल. तिला वाटेल, आई विसरली."

मागे रांगेत कुणीतरी खोकलं. फादर एक पायरी उतरून खाली आले.

"बाई, वर्षाचं एवढं काही नसतं. समज आली होती का, तेवढंच बघायचं. खेळायच्या वयाचं पोर ते."

"आली होती समज. ईस्टरच्या आधीच्या उपवासात तिने कोंबडीखालचं अंडं खाल्लं. कच्चंच. टरफल राखेत पुरलं. मग आपणहून माझ्याकडे आली नि रडली."

"लहान मुलांना तो उपवास लागूच नाही. ते पाप नव्हे."

"तिला कुठे ठाऊक होतं? तिला वाटत होतं पाप आहे. आणि तरी खाल्लं."

फादरांच्या पोथ्यांतही नेमकं हेच लिहिलेलं होतं: पाप समजून केलं, तर ते पापच.

विमंड बायकोकडे वळला. "मला नाही बोललीस कधी."

"सांगू नको म्हणाली होती. बाबाला वाईट वाटेल म्हणाली."

फादरांनी पुन्हा वय विचारलं नाही. वेटोळ्याचं टोक उचलून त्यांनी ते दुसऱ्या एका ज्योतीवर धरलं. वात तडतडली आणि पेटली. इडनी तिथेच दगडावर बसली, पाय पोटाशी घेतले, आणि मुलीचं नाव घेऊन पुटपुटायला लागली. विमंडला त्या ज्योतीकडे बघवेना. तो बाजूच्या खांबाला टेकून उभा राहिला. फादर जवळून जायला लागले तेव्हा त्याने त्यांची बाही धरली.

"फादर, एका अंड्याला किती दिवस?"

"फार नाही."

"फार नाही म्हणजे किती?"

फादरांनी आयुष्यभर लोकांना हेच उत्तर दिलं होतं. पुढचा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

विमंड तिथेच फरशीवर गुडघे टेकून बसला.

"मला कबुली द्यायची आहे," तो म्हणाला. "ते अंडं तिला मी दिलं."

फादर त्याच्यासमोर कष्टाने वाकले. "खरं सांग. तू दिलंस?"

पलीकडून इडनीचं पुटपुटणं ऐकू येत होतं.

"नाही," तो म्हणाला. "पण मी घरी असतो आणि तिने मागितलं असतं, तर दिलं असतं."