पाण्याची चुगली

"हा मासा आपल्या तळ्यात नाहीच," कमलाक्षीकाकी ठासून म्हणाली. तंजावूरच्या त्या देवळामागच्या तळ्यावर रोज सकाळी माशांना मुरमुरे टाकणारी बाई ती. तिला कोण शिकवणार?

शेजारची जननी मात्र मोबाईलवरचं चित्र पुढे धरून उभीच. कॉलेजात संशोधन करणारी मुलगी, हटणार थोडीच. चित्रातला मासा काळपट, खरबरीत, तोंड खालच्या बाजूला. काचेच्या टाकीतलं शेवाळ चाटायला लोक दुकानातून आणतात तो, सकर मासा.

"मीही पाहिला नाही, काकी. मासा पोहतो तेव्हा त्याच्या अंगाचे कण पाण्यात सुटतात. मागच्या आठवड्यात मी दोन बाटल्या पाणी नेलं, गाळलं, तपासलं. त्यात याचा डीएनए सापडला."

"अय्यो, पाणी चुगली करतं की काय!" काकी हसली. मग म्हणाली, "जुना असेल गे. मेलेल्याचा."

"इतका टिकत नाही तो. फार तर काही आठवडे. म्हणजे मासा आत्ता आत आहे."

"जिवंत आहे?"

काकीचा चेहरा एकदम उजळला. नऊ वर्षांपूर्वी तिचा मुलगा मुरली कॅनडाला गेला, तेव्हा त्याची टाकी रिकामी करताना तिनंच तो मासा इथं सोडला होता. जीव मारायचा कसा? देवाच्या पाण्यात सुखात राहील म्हणून. पण पुढे तो कधी दिसला नाही, तेव्हा मेला असंच तिनं धरलं होतं.

"मुरली अजून फोनवर विचारतो. मी आपली सांगते, बरा आहे रे."

"एकच सोडलात ना?"

"एकट्याला कसं करमणार? पावम, बिचारा! दुकानातून जोडीदार आणला."

जननीनं कपाळाला हात लावला. "काकी, त्यांची आता पिलावळ झाली असेल. दुसऱ्या माशांची अंडी खातात ते. तळ्यातले आपले केंडै मासे कमी झाले म्हणून तुम्हीच कुरकुरत होतात. आता यांना काढावं लागेल. पण दिवसभर पायऱ्यांच्या भेगांत दडून बसतात, जाळ्यात येत नाहीत."

काकीनं पाण्याकडे पाहिलं. पूर्वी मुरमुरे पडले की केंडै माशांनी खालची पायरी झाकून जायची. आज पाच-सहा आले होते. तिला फार वाईट वाटलं, दोन्हीकडून.

मग ती उठली.

"मुरमुऱ्यांना तो यायचा नाही. मुरली त्याला काकडी द्यायचा, साल काढून, पातळ चकत्या." तिनं डोळे पदरानं पुसले. "तू जाळं घेऊन ये. मी चिरून आणते."