मागचं वजन

दसऱ्याला देवीची पालखी वेशीवर आली की ठासणीच्या बंदुकीचा एक बार काढायचा, हा आकाराम हवालदारांचा मान. पण औंदा डाव्या अंगावरून वारं गेलं आणि ती लांबलचक नळी त्यांच्या हातात सारखी खाली झुकायला लागली. बंदूक आता दुसऱ्याला द्यावी, असं गाव बोलू लागलं.

त्यांची बायको राहीबाई काहीच बोलली नाही. हवालदार तपासणीला सांगलीला गेले, त्या दिवशी तिनं कवठ्याचा सुतार घरी बोलावला. बंदुकीचा खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता मागून कोरून त्यात शिसं भरून घेतलं, भोक बुजवलं, वर पॉलिश मारलं. मागं वजन वाढलं, तशी पुढची नळी हाताला हलकी लागायला लागली.

दसऱ्याला नळी आभाळाकडं ताठ राहिली. बार निघाला. "हवालदारांचा हात सुधारला," म्हणत पंचांनी मानाचा नारळ दिला.

घरी येऊन त्यांनी तो नारळ राहीबाईच्या पदरात घातला.

"दस्त्यात शिसं किती घातलंस?"

ती चपापली. "आवं, तुमाला कळलं व्हय?"

"बावीस वर्षं फौजेत काढली. छटाकभर वाढलं तरी खांद्याला कळतं."

"मग बोलला का न्हाई?"

"तू बोलली न्हाईस, म्हणून."

त्यांनी दोन्ही हातांनी सांभाळून बंदूक खुंटीला लावली.

"फुडच्या दसऱ्याला आनखी पावशेर लागंल बघ."