एका घराला एक नमुना

यंत्राने पाचही गोळ्यांना हिरवा दिवा दिला, तसं रेवतीने आईचं कार्ड औषधाच्या दुकानातल्या काउंटरवर आपटलं.

“हिरवा? आठवडाभर हिच्या हिरड्यांतून रक्त येतंय, खातूभाऊ!”

“रक्त पातळ करायची गोळी आहे ताई, थोडं येणारच. कुठली गोळी कुठल्या गोळीबरोबर चालेल, ते यंत्र जनुकं बघूनच सांगतं.”

“कुणाची जनुकं?”

दुकानदार खातूने कार्ड उलटून बघितलं. “कुटुंबप्रमुखाची. एका घराला एकच नमुना, रेशनकार्डासारखा.”

“म्हणजे बाबांची? त्यांना जाऊन सहा वर्षं झाली! आणि त्यांचं नि आईचं रक्त एक कसं असेल?”

“नियम आहे. नमुना बदलायचा तर प्रमुखाची सही लागते.”

“मग जा वर आणि घेऊन या!”

रेवतीच्या आई, इंदुबाई, शेजारीच उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या आणि यंत्रावरच्या नमुन्याच्या काचेवर थुंकल्या. लाळेत रक्ताची रेघ होती. पाचांपैकी तीन दिवे लाल झाले.

खातूने मान खाली घालून ती तीन पाकिटं मागे ओढली.

“राहू दे, मागे घेऊ नकोस,” इंदुबाई म्हणाल्या. “या गोळ्या त्यांच्याच आहेत ना? घरी जाऊन त्यांच्या फोटोला वाहते.”