पोचलं असं समजावं

"जहाज वेळेवर आलं होतं," लुसियाबाई स्क्रीनवरून सावकाश, साध्या इंग्रजीत म्हणाल्या. "मी स्वतः पाहिलं. बराच वेळ समोर उभं होतं. मग आमची पोती तशीच घेऊन परत गेलं."

अमेरिकेतल्या फ्रिस्को शहरात जहाज कंपनीच्या ऑफिसची मीटिंग रूम एसीने गारठली होती आणि बाहेर पार्किंग लॉट उन्हाने भाजून निघत होता. रेणूने शाल अंगाभोवती ओढली आणि डोळे चोळले. या टपाल-कराराचा हा कितवा मसुदा, हे तिने मोजायचं केव्हाच सोडून दिलं होतं. बाई मूळची नागपूरची. नोकरी या कंपनीत करार लिहिण्याची, पण समुद्र पाहिलेला तो सुट्टीत, गुडघाभर पाण्यात उभं राहून.

लुसियाबाई पॅसिफिकमधल्या एका बेटावरच्या पोस्टमास्तरीण. बेटावर झेंडा अमेरिकेचा, राष्ट्राध्यक्षही अमेरिकेचा, त्याला निवडायला मत मात्र नाही. विमान उतरेल एवढी सपाट जागा नाही आणि जहाज लागेल असा धक्काही नाही. जहाजाने प्रवाळाच्या रांगेबाहेर उभं राहायचं आणि टपालाची पोती लहान होडीने किनाऱ्यावर आणायची, अशी रीत. समुद्र खवळला की होडी सुटत नाही. आणि करारातलं जुनं कलम म्हणत होतं की जहाज बेटासमोर नेमून दिलेल्या जागी पोचलं, की टपाल पोचलं असं समजावं. त्यामुळे कंपनीचं रेकॉर्ड कसं धुतल्या तांदळासारखं. एकही खेप चुकलेली नाही.

"माझ्या शेजारणीच्या गोळ्या येऊन परत गेल्या," लुसियाबाई म्हणाल्या. "दंडबिंड काही नको. समुद्र खवळलेला असेल तर जहाजाने एक रात्र थांबावं आणि सकाळी पुन्हा बघावं, एवढंच लिहा."

मागणी रास्त होती. रेणूने तसं वाक्य लिहूनही ठेवलं होतं. पण तिच्या शेजारी बसलेल्या सत्यजितने, तिच्या मॅनेजरने, हळूच मान हलवली. नाही. सत्यजित पुण्याचा, तिच्याहून लहान, आणि कालपासून नीट झोपलेला नव्हता. रेणूने माइक बंद करायला बटण दाबलं आणि त्याच्याकडे वळून मराठीत बोलू लागली.

"अरे, एका रात्रीचा प्रश्न आहे."

"एक रात्र थांबलो की पुढची सगळी पोर्ट्स लेट. अख्खं शेड्यूल बोंबलतं यार."

"मग आपण टपाल पोचवतो असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? औषधं आहेत रे त्यात. कुणाच्या तरी आईची."

"मला कळत नाही का? पण वरून क्लिअर सांगितलंय. आज साइन झालं नाही तर जहाज दुसऱ्या रूटला लावणार. मग आत्ता जे येतं तेही बंद. हे चालेल तुला?"

रेणूला त्याचा राग आला, आणि लगेच राग धरण्याचाही कंटाळा आला. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या जागी ती असती तर तिनेही हेच सांगितलं असतं, या विचाराने तिला आणखीच वाईट वाटलं.

"राहू दे," ती म्हणाली. "हरले मी."

माइक चालू करायला तिने हात पुढे केला, तर तो चालूच होता. घाईत तिने माइकऐवजी कॅमेरा बंद केला होता. तिकडे लुसियाबाई इतका वेळ काळ्या स्क्रीनसमोर बसून त्यांचं बोलणं ऐकत होत्या. रेणूने ओशाळून कॅमेरा सुरू केला आणि सॉरी म्हटलं.

"तुमची भाषा मला येत नाही," लुसियाबाई म्हणाल्या. "पण तुम्ही माझ्या बाजूने भांडलात आणि जमलं नाही, एवढं कळलं. थँक यू."

मग सत्यजितनेच त्यांना सांगितलं, की आज सही झाली नाही तर जहाज येणंच बंद होईल. त्याचा आवाज पडलेला होता. लुसियाबाईंना धक्का वगैरे काही बसला नाही.

"माझ्या आधीच्या पोस्टमास्तरांनाही हेच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "करते सही. बेटाच्या कौन्सिलने मला तेवढा अधिकार दिलाय. फक्त एक कलम नवीन घाला. पोती न उतरवता जहाज परत जाणार असेल, तर निघण्याआधी त्याने भोंगा वाजवावा."

सत्यजित सावध झाला. "कशासाठी?"

"लोक किनाऱ्यावर बसून राहतात. जहाज समोर दिसत असतं, त्यामुळे आता होडी सुटेल, मग सुटेल, असं म्हणत दिवस काढतात. म्हातारी माणसं असतात, उन्हात. भोंगा ऐकला की घरी तरी जातील."

सत्यजितने क्षणभर हिशेब केला. भोंगा वाजवायला जहाजाला उशीर होत नव्हता. "हे देता येईल," तो म्हणाला, आणि आपण काहीतरी देऊ शकलो याचं त्याला बरंही वाटलं.

रेणू कलम टाइप करू लागली. करारात सगळं मोजूनमापून लिहावं लागतं, म्हणून सवयीने तिने विचारलं, "किती वेळा वाजवायचा?"

लुसियाबाईंनी जरा विचार केला.

"दोन-तीनदा लिहा. पहिल्या भोंग्याला कुणी उठणार नाही."