ठणठणीत कान

एमआरआयमध्ये डाव्या कानामागे, मेंदूला खेटून गाठ दिसत होती. हिंदुरावांनी खुर्ची सरकवून उजवी बाजू डॉक्टरांकडे केली. त्यांच्या बायकोने, रंभाने, कंपनीच्या वार्षिक तपासणीचे कागद टेबलावर मांडले. "कान ठणठणीत हाय ह्यांचा. मागच्याच महिन्यात तपासलाय."

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचले. "साधी, सावकाश वाढणारी गाठ असती तर हा कान केव्हाच गेला असता. तो शाबूत आहे, म्हणजे ही झपाट्याने वाढणारी असावी. दुर्मिळ जात आहे, आणि वाईट."

रंभाने ते कागद परत हातात घेतले. हिंदुरावांची चुळबुळ थांबेना. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशीनच्या दणदणाटात, बावीस वर्षं काढलेली. कानाच्या तपासणीत नापास झालेल्याला मशीनवरून उठवून गेटवर बसवतात, हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या कागदांकडे.



"डॉक्टर, डाव्या कानानं तीन वर्षं झाली ऐकू येत न्हाई. तपासणीवाल्यानं आवाज सोडायचं बटण दाबलेलं दिसलं, की मी ऐकू आल्यागत हात वर करायचो."