आधी झील

"तात्या, यंत्र चालू आहे. म्हणा की!" वैजूने तळहाताएवढा रेकॉर्डर पुढे सरकवला.

तिचे काका माईकपासून मागे सरकले. देवीच्या गोंधळात पद म्हणायचा वैजूचा बाप. त्याची ओळ संपली की धाकट्या तात्यांनी मागून झील, म्हणजे साथीचं पालुपद, ओढायची, हा जन्माचा रिवाज. बाप माघात वारला. पद आता फक्त तात्यांना येत होतं; आज उतरलं नाही तर त्यांच्याबरोबरच जाणार होतं. पण भावाची ओळ म्हणायला त्यांची जीभ उचलेना.

"मग तुमची झील तेवढी म्हणा."

तात्यांनी डोळे मिटले. भावाची ओळ मनात संपेपर्यंत ते थांबत आणि मग झील ओढत.

वैजूने तेच हेडफोनमधून ऐकवत दुसरा ट्रॅक सुरू केला. झिलेमागून झील कानात आली, तशी मधल्या रिकाम्या जागेत तात्यांच्या तोंडून आपसूक पद निघालं, भावाच्याच हरकतींसकट.

कॉम्प्युटरवर दोन्ही आवाज एकत्र वाजले. बाप दारात आल्यावर उठावं तशी वैजू खुर्चीवरून उठली.

तात्या हसले. "जन्मात पहिल्यांदा मी आधी आलो, पोरी. तुझा बाप मागनं आला."